तिसरा शब्द

डॉक्टरांनी बाबांना तीन शब्द सांगितले. घड्याळ, रुमाल, शिडी. "लक्षात ठेवा हं, थोड्या वेळानं परत विचारणार आहे," असं म्हणून त्यांनी मध्येच दुसरे विषय काढले. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा. बाबांनी वजाबाकी भराभर केली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. आकडे म्हणजे त्यांचे जुने सोबती. मग डॉक्टर म्हणाले, "आता ते तीन शब्द सांगा बरं." बाबा म्हणाले, "घड्याळ." मग म्हणाले, "रुमाल." आणि थांबले. त्यांची नजर टेबलाच्या कडेवर स्थिरावली, अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरायला लागला, डायलची खुंटी फिरवावी तसा. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि बाहेर कुणीतरी खोकत होतं. मला ते थांबणं सहन होईना. "शिडी," मी म्हणाले.

डॉक्टरांचं पेन कागदावर थबकलं. "तुम्ही नका सांगू," ते शांतपणे म्हणाले आणि त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. हातातलं काम कुणी मध्येच काढून घेतलं की माणूस जसा आपल्या रिकाम्या हातांकडे बघतो, तसं. परतताना ते नेहमीसारखे बोलत होते, रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. रात्री झोपायला जाताना दारात थांबून मात्र एवढंच म्हणाले, "शिडी येत होती मला."

येत असेलही. नसेलही. आता ते कधीच कळणार नाही.

आम्ही डॉक्टरांकडे गेलो होतो ते वेगळ्याच कारणानं. एका दुपारी बाबा कपाटाचं दार उघडून तसेच उभे राहिले. मी हाक मारली तर वळले नाहीत. मिनिटभरानं, कदाचित त्याहून कमी वेळानं, वळले आणि म्हणाले, "काय गं?" बाकी काहीच नाही. पण एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचं ते एक मिनिट घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आणायला पुरेसं होतं. फिट आली असेल का, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, करायला सांगितलं, आणि त्याच भेटीत विसरण्याबद्दलची ती प्रश्नोत्तरंही उरकून घेतली. त्या दुपारचा उलगडा नंतर झाला नाही, पुन्हा तसं घडलंही नाही. माझ्या मनात रुतून बसली ती शिडी.

ईईजीच्या दिवशी डोकं स्वच्छ धुऊन, तेल न लावता यायला सांगितलं होतं. तंत्रज्ञ मुलगी तरुण होती, हात अगदी हलका. तिनं टेपनं बाबांचं डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, आणि लाल पेन्सिलीनं पांढऱ्या विरळ केसांमधून खुणा केल्या. या खुणांची पद्धत १९५८ साली हर्बर्ट जॅस्परनं सर्वांसाठी ठरवून दिली. डोक्याचे दहा आणि वीस टक्क्यांचे टप्पे पाडायचे, म्हणजे डोकं लहान असो की मोठं, जगात कुठंही तीच तार त्याच जागी बसते. प्रत्येक खुणेवर तिनं कापसानं खरखरीत जेल चोळलं, वर चिकट पेस्टचा गोळा आणि त्यात चकतीसारखा इलेक्ट्रोड. रंगीत तारांचा एक झुपका बाबांच्या डोक्यावरून मागच्या पेटीत गेला. बाबा अगदी लक्ष देऊन सगळं बघत होते, समोरच्या काळ्या काचेतल्या प्रतिबिंबात.

"इम्पीडन्स किती येतोय?" त्यांनी विचारलं. विजेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे.

मुलगी चमकली. "पाच किलोओहमच्या खाली हवा काका. एक तार जरा जास्त दाखवतेय." तिनं ती पुन्हा दाबून बसवली. बाबांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. व्हॉल्व्हचे, मग ट्रान्झिस्टरचे, आणि लोकांनी रेडिओ दुरुस्त करून घेणं सोडल्यावरही घरच्या घरी स्वतःसाठी. माझ्या बालपणाचा वास म्हणजे राळेचा धूर आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर जळणारी धूळ. "आणि मेन्सचा हम?" त्यांनी पुढं विचारलं, घरातल्या विजेची गुणगुण म्हणजे. "पन्नास हर्ट्झ घुसत असेल की सगळ्यांत." घुसतो, ती म्हणाली, म्हणून फिल्टर लावतो. मग तिनं स्वतःहूनच सांगितलं की मेंदूकडून कातडीपर्यंत येणारं व्होल्टेज फारच थोडं असतं, वीस, तीस, पन्नास मायक्रोव्होल्ट. हृदयाच्या आलेखात हजारभर मायक्रोव्होल्ट सहज मिळतात, इथं कवटीतून पाझरून येईल तेवढंच. बाबांचा चेहरा उजळला. "शॉर्ट वेव्हवर चांगलं लागलेलं स्टेशन अँटेनाच्या टोकाला एवढंच देतं," ते म्हणाले. "पन्नासएक मायक्रोव्होल्ट. तेवढ्यावर अख्खं गाणं येतं." सकाळी चष्मा कुठं ठेवला हे न आठवणारा माणूस हे बोलत होता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोन्ही गोष्टी एकाच माणसात बसवू पाहत होते.

मग दिवे मंद झाले. पडद्यावर वीसेक ओळी एकाखाली एक सरकायला लागल्या. "काका, डोळे मिटा. जबडा सैल सोडा. काही विचार करू नका." पहिल्यांदा नुसता गोंधळ दिसला. गिळलं की सगळ्या ओळी काळ्या होत, पापणी फडफडली की पुढच्या ओळींत डोंगर उठत. हळूहळू ते निवलं. आणि डोक्याच्या मागच्या भागाच्या ओळींत एक सारखी, गोल, नीटस लहर उमटायला लागली. तिकडं पाहताना माझा श्वास संथ झाला. तंत्रज्ञ मुलीनं बोट दाखवलं, बोलली नाही. मग म्हणाली, "काका, डोळे उघडा." लहर विरली. त्या जागी बारीक, वेडीवाकडी, घाईतली रेघ. "मिटा." लहर परत आली. "उघडा." गेली. मध्ये एकदा ती लहर आपोआपच फिसकटली, रेघ लांबट, लोळणारी झाली. "काका, झोपू नका हं," ती मोठ्यानं म्हणाली आणि क्षणात लहर जागेवर आली. नंतर तिनं मला समजावलं की म्हाताऱ्या माणसाला पेंग आली तरी आलेख मंदावतो, आणि बघणाऱ्यानं नीट पाहिलं नाही तर त्या पेंगेलाच आजार म्हणून बसतो. म्हणून मध्ये मध्ये हाक मारावी लागते. हाकेला लहर उत्तर देते की नाही, हे बघावं लागतं.

ती अल्फा. सेकंदाला आठ ते तेरा वेळा. त्याहून मंद ती थीटा, चाराच्या खाली डेल्टा, तेराच्या वर बीटा, तिसाच्या पुढं गॅमा. ग्रीक अक्षरांचा हा क्रम मुळातच वेडावाकडा आहे, कारण जी आधी दिसली तिला पहिलं अक्षर मिळालं. ती दिसली हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाला, जर्मनीतल्या येना गावात. त्या रात्री मी बर्गरबद्दल वाचत बसले आणि दोन वाजले. तरुणपणी, १८९२ साली, लष्करी सरावात तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर घरी त्याच्या बहिणीला वाटलं, भावावर काहीतरी ओढवलंय. तिनं वडिलांना तार करायला लावली. ती तार हातात पडल्यापासून त्या माणसाला एकच ध्यास लागला, की एका मनातून दुसऱ्या मनाकडे काहीतरी जातं, ते मोजता आलं पाहिजे. त्याला ते कधीच सापडलं नाही. सापडली ती ही लहर, १९२४ साली. पण हे खरंच मेंदूतून येतंय की नाडीचा, स्नायूंचा, यंत्राचा दोष आहे, याची खात्री करत त्यानं पाच वर्षं काढली आणि १९२९ साली पहिला निबंध छापला. त्यानंतरही फारसं कुणी मानलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग करून पाहिला, एड्रियनच्याच डोक्यावर तारा लावून, तेव्हा कुठं जगानं मान डोलावली. त्या आधीच्या काळात बर्गरनं कितीतरी नोंदी स्वतःच्या मुलाच्या, क्लाउसच्या, डोक्यावरून घेतल्या. यंत्राशी वाकून उभा असलेला बाप आणि समोर डोळे मिटून बसलेला मुलगा. आमच्या ईईजीच्या खोलीत हे उलटं झालं होतं. बाप डोळे मिटून, आणि मी त्याच्या लहरीकडे टक लावून.

बर्गरनं आणखी एक गोष्ट टिपली होती. डोळे मिटलेलेच असू देत, पण मनातल्या मनात हिशेब घातला तरी अल्फा दबते. मला आमचे पाढे आठवले. बाबा टेबलाशी वाकलेले, उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न, डाव्यात चिमटा, आणि मी बाजूच्या खोक्यावर बसून तेराचा पाढा म्हणत असे. तेरा सक अठ्ठ्याहत्तर इथपर्यंत गाडी नीट यायची. "तेरा साते?" बाबा विचारायचे. मी गप्प. ते मान वर करायचे नाहीत. राळेचा धूर वर जायचा, एक थेंब कथिलाचा चकाकून विझायचा. मला वाटायचं, आता सांगतील. सांगत नसत. रागावतही नसत, 'बोल ना लवकर' असंही म्हणत नसत. पुढचा सांधा जोडायला घ्यायचे. त्यांच्या त्या थांबण्यात मला कसलीच भीती वाटत नव्हती, एवढं आज नक्की आठवतं. कधीतरी मी म्हणायचे, "एक्याण्णव." ते म्हणायचे, "तेरा आठे?"

अहवाल तीन दिवसांनी मिळाला. फिटीच्या खुणा नाहीत. मूळ लय साडेआठ हर्ट्झ, डोळे उघडल्यावर दबते. डाव्या कानशिलाच्या भागात अधूनमधून मंद लहरी, वयाला धरून. मी 'साडेआठ' वर बोट ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं. चार महिन्यांच्या बाळाच्या मेंदूत ही लय सेकंदाला साधारण चार वेळा असते. तीन वर्षांचं मूल आठावर येतं, दहाव्या वर्षाच्या आसपास दहावर, आणि तरुणपणभर ती तिथंच घुटमळते. उतारवयात ती हळूहळू खाली सरकते, नऊ, साडेआठ. आठाच्या खाली जागेपणी कायम राहिली तर मात्र लक्ष द्यायचं. अल्झायमरमध्ये असं होतं. थीटा वाढत जाते, अल्फा ओसरते, पुढं डेल्टाही येते. पण नुसत्या या आलेखावरून कुणाला तो आजार आहे किंवा नाही, असं सांगता येत नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. बजावलं नसतं तर मी साडेआठाचा एक दिवसाआड हिशेब करत बसले असते, हे त्यांना दिसलं असावं.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण किती सहज म्हणतो. आकडे बघून क्षणभर मलाही तसं वाटलं. चारावरून आठ, आठावरून दहा, आणि आता परतीची वाट. पण ते खरं नाही आणि मला ते वाक्य आता ऐकवत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे आठ हर्ट्झ आणि बाबांचे साडेआठ यांत शहात्तर वर्षांचं सामान आहे. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिॲटलमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. कामाचा झपाटा तरुणपणापासूनच कमी होत जातो, पण शब्दांचं भांडार आणि त्याची समज साठीच्या पुढंही बरीच टिकून राहते. शॉर्ट वेव्हच्या स्टेशनचं व्होल्टेज माहीत असणं त्या भांडारातलं. पाच मिनिटांपूर्वीची शिडी मात्र अजून आत पोचायची होती, उंबऱ्यावरच होती.

शब्द उंबऱ्यावर अडतो म्हणजे काय होतं, याचा अभ्यास १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी केला. त्यांनी लोकांना अवघड शब्दांचे अर्थ सांगितले आणि शब्द विचारले. ज्यांच्या तो जिभेवर येऊन अडला होता, त्यांना पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर सांगता आलं, उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात हेही सांगता आलं. शब्द तेवढा येत नव्हता. म्हणजे आत रिकामं नसतं. अर्थ हजर असतो, आवाजाचा कंगोराही हातात आलेला असतो. वयाबरोबर असे प्रसंग वाढतात, विशेषनामांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त. बाबांना हे मी वाचून दाखवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "माणूस दिसत असतो समोर. त्याची टोपी पण दिसत असते."

मेंदूतल्या खरखरीबद्दलही मी त्यांना सांगितलं. ब्रॅडली व्हॉयटेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की वयस्क मेंदूच्या आलेखातून नेहमीच्या लयी बाजूला काढल्या तरी उरलेल्या पार्श्वभूमीत फरक असतो. तरुण मेंदूत ती पार्श्वभूमी मंद कंपनांपासून जलद कंपनांकडे झपकन उतरते. म्हाताऱ्या मेंदूत तो उतार सपाट होतो, जलद बाजूची खरखर वर येते. आणि थोडा वेळ मनात धरून ठेवायच्या गोष्टी निसटण्याशी त्या खरखरीचा संबंध दिसतो. मला हे सांगताना अवघड वाटत होतं. बाबांना नाही वाटलं. "नॉईज फ्लोअर वर आलाय म्हण," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "अशा वेळी व्हॉल्यूम वाढवून उपयोग नसतो. खरखर पण वाढते. खुंटी हळू फिरवावी लागते." मी गेली दोन वर्षं त्यांच्याशी मोठ्यानं बोलत होते. त्यांना ऐकू नीट येतं. मी आवाज चढवत होते तो दुसऱ्याच कशासाठी तरी.

रात्रीचं वेगळंच आहे. पहाटे तीनला बाबांच्या खोलीत दिवा लागतो, हे वर्षानुवर्षांचं. खोल झोपेत डेल्टाच्या मोठ्या, संथ लाटा येतात, आणि त्या लाटांच्या माथ्यावर बारा ते पंधरा हर्ट्झचे छोटे झुबके, ज्यांना स्पिंडल म्हणतात, ते नेमके येऊन बसले की दिवसभरातलं काहीतरी कायमचं साठवलं जातं असं मानतात. म्हातारपणी या लाटा बसक्या होतात आणि झुबक्यांचा नेम चुकतो, माथा यायच्या आधीच येऊन जातात. जागेपणी जिला बघून डॉक्टर चिंतेत पडतात तीच मंद लाट, झोपेत कमी झाली की हळहळायचं. मी हे वाचलं तेव्हा माझी जुनी चिडचिड आठवली. "दुपारी झोपता म्हणून रात्री झोप येत नाही," असं मी त्यांना कितीदा ऐकवलंय. ते दुपारी न झोपताही तीनला उठतात. तसे उठतात आणि बिछान्यावर बसून राहतात, कुणाला आवाज जाऊ नये म्हणून खोकलासुद्धा दाबून.

उपाय शोधण्याची एक रात्र माझ्याही वाट्याला आली. २०१९ मध्ये बोस्टनमधल्या राइनहार्ट आणि न्युएन यांनी साठी ओलांडलेल्यांच्या कपाळाच्या आणि कानशिलाच्या भागांना पंचवीस मिनिटं मंद विद्युतप्रवाह दिला, थीटाच्या ठेक्यात, म्हणजे सुटलेली सांगड पुन्हा जुळावी. थोडा वेळ मनात धरून ठेवायची त्यांची स्मृती विशीतल्यांच्या बरोबरीला आली आणि प्रयोग संपल्यावरही किमान पन्नास मिनिटं तशी राहिली. त्या पन्नास मिनिटांवर मी फार वेळ अडकून राहिले. २०१६ मध्ये एमआयटीच्या प्रयोगशाळेत उंदरांना सेकंदाला चाळीस वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवला आणि त्यांच्या मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, कमी झालं. २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेला तसं काही दिसलं नाही. माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "घरी असलं काही डोक्याला लावू नका." लावणार नव्हतेच. पण ती पन्नास मिनिटं मिळाली तर बाबा त्यांत काय करतील, असं मनात येऊन गेलं, आणि त्यांना विचारलंही. "तो शेवटचा सेट उघडून पडलाय, तो जोडून टाकेन," ते म्हणाले.

पण मला सगळ्यांत जास्त छळलं ते दोन साध्या आकड्यांनी. १९६५ मध्ये सॅम्युएल सटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अनपेक्षित खूण कानावर पडली की साधारण तीनशे मिलिसेकंदांनी मेंदूत एक लहर उठते. आतून कुणीतरी 'हे वेगळं आहे' असं म्हटल्यासारखी. वय वाढेल तशी ती उशिरा उठते, वर्षाला एक-दोन मिलिसेकंदांनी. विशीपासून ऐंशीपर्यंत मोजलं तरी फार तर शंभर-सव्वाशे मिलिसेकंद. पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. एवढ्याशा उशिरानं काय बिघडतं, असं वाटतं. दुसरा आकडा त्यावर उत्तर देतो. २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या गेल्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास जातात. दहाही भाषांत थोड्याफार फरकानं तेच. म्हणजे आपण बोलताना एकमेकांसाठी जी फट ठेवतो ती इतकी अरुंद असते. त्यात शंभर मिलिसेकंद उशीर झाला, वर शब्द शोधायला आणखी थोडा लागला, की फट बंद. दुसरा कुणी बोलायला लागलेला असतो.

मी जेवताना बघायला लागले. आम्ही पाच जण बसतो. बाबा बोलायला तोंड उघडतात, ओठ विलग होतात, हनुवटी किंचित पुढं येते, आणि तेवढ्यात कुणीतरी सुरू करतं. बाबा तोंड मिटतात. पाणी पितात. पुन्हा एकदा, तसंच. त्या एका जेवणात मी सहा वेळा मोजलं. सातव्यांदा ते बोलले तेव्हा विषय तीन वळणं पुढं गेला होता, आणि त्यांचं वाक्य आधीच्या विषयाचं निघालं. "बाबा, ते केव्हाच संपलं," भाऊ म्हणाला, प्रेमानंच म्हणाला. मला एकदम कळलं की 'बाबा हल्ली भलतंच बोलतात' असं आम्ही जे म्हणतो, त्यातलं बरंचसं भलतं नसतं. ते बरोबर असतं, फक्त त्याची जागा आम्ही पुढं सरकवलेली असते. त्यांच्या गप्प बसण्याला मी वर्षभर 'बाबा हरवलेत' असं नाव दिलं होतं. सहा वेळा दार ठोठावून परत गेलेल्या माणसाला मी हरवलेला म्हणत होते.

थांबणं मला जमत नाही. हे मी कळवळून लिहितेय. ठरवते, आणि तिसऱ्या सेकंदाला माझ्या तोंडातून शब्द निघून जातो, चुकीचाही निघतो. त्यांना पक्कड हवी असते आणि मी पेचकस म्हणते, मग त्यांच्या मनातली पक्कडही पळते. कुणी चुकीचा शब्द पुढं टाकला की खरा आणखी मागं ढकलला जातो, हे मला वाचून माहीत नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून माहीत झालंय. भीती हेच त्याचं कारण आहे. ती शांतता लांबली तर पलीकडून कुणीच येणार नाही, अशी भीती. शब्द मी घातला की निदान त्या वेळेपुरतं ते कळायचं टळतं.

सहा महिन्यांनी पुन्हा त्याच खोलीत गेलो. तेच टेबल, तोच पंखा. डॉक्टरांनी या वेळी शब्द बदलले होते. दिवा, पेटी, पूल. मी खुर्ची थोडी मागं घेतली आणि ओठांवर रुमाल धरला. वार, महिना, वजाबाकी. त्र्याण्णव, शहाऐंशी. या वेळी बहात्तरवर बाबा अडखळले, पासष्ट जरा उशिरा आलं. मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. त्यांनी आकडे नीट बसवले, काटे काढताना क्षणभर मोठा कोणता याचा विचार केला. "आता ते तीन शब्द," डॉक्टर म्हणाले.

"दिवा," बाबा म्हणाले. बऱ्याच वेळानं, "पेटी."

पंखा फिरत होता. बाबांचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला. मी खिडकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग त्यांच्या हाताकडेच बघत राहिले. किती वेळ गेला ते मोजलं नाही. डॉक्टरांनी पेन कागदावर आडवं ठेवून दिलं होतं.

"नदीवर असतो तो," बाबा म्हणाले.

कुणी काही बोललं नाही. अंगठा थांबला, पुन्हा फिरला, अगदी जरासा. मग त्यांचे दोन्ही ओठ एकमेकांवर हलकेच टेकले, 'प' म्हणण्याआधी टेकतात तसे.